गेट-ऑर-क्रिएट वापरूनही टेबलात डुप्लिकेट का होतात?

एरर असा होता: गेटने एक ग्राहक मागितला आणि मिळाले दोन. जँगो या पायथॉन फ्रेमवर्कच्या भाषेत मल्टिपल-ऑब्जेक्ट्स-रिटर्न्ड. टेबल उघडून पाहिलं तर एकाच ईमेलच्या दोन ओळी, आयडी लागोपाठचे, तयार झाल्याच्या वेळेत ३८ मिलिसेकंदांचा फरक. नंतरची ओळ हाताने उडवली, एरर थांबला, तिकीट बंद केलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, फक्त ईमेल वेगळा. पुन्हा उडवली. चौथ्यांदा तिकीट आलं तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, "अगं, पण कोडमध्ये तर गेट-ऑर-क्रिएट आहे ना? मग दोन होतातच कसे?"

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. या फंक्शनचं नावच असं आहे की "असेल तर दे, नसेल तर बनव" हे सगळं एका दमात होत असणार असं वाटतं. तसं होत नाही. आधी सिलेक्ट (शोधणारी क्वेरी) जाते, काही सापडलं नाही तर इन्सर्ट (नवी ओळ घालणारी क्वेरी) जाते. दोन वेगळ्या क्वेरी, आणि त्यांच्यामध्ये फट. त्या फटीत दुसऱ्या रिक्वेस्टचं सिलेक्ट येऊन गेलं की तिलाही "नाही" हेच उत्तर मिळतं, आणि मग दोघीही इन्सर्ट करतात.

खालचं सगळं जँगो आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून लिहिलं आहे, कारण माझा दिवस त्यातच जातो. रेल्स आणि लाराव्हेल या दुसऱ्या फ्रेमवर्कवाल्यांसाठी पुढे थोडं आहे, पण रोग तोच आहे.

आधी फट डोळ्यांनी पाहा

कोड वाचून हे पटत नाही, निदान मला पटलं नव्हतं. म्हणून दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडा, दोन्हींत डेटाबेसला जोडा आणि दोन्हींत बिगिन देऊन ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा क्वेरींचा गट) सुरू करा. दोन्हींत तोच ईमेल शोधा: दोन्हीकडे शून्य ओळी. आता पहिल्यात इन्सर्ट, दुसऱ्यात इन्सर्ट. ईमेलवर युनिक (एकच किंमत दोनदा न येऊ देणारी अट) नसेल तर दोन्ही इन्सर्ट निमूट होतात, दोन्ही कमिट, म्हणजे पक्की होतात आणि टेबलात दोन ओळी. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. म्हणूनच हा बग जन्मतो तेव्हा कळत नाही. कोणीतरी तो ग्राहक शोधायला जातं तेव्हा कळतं, आणि तोवर कित्येक दिवस उलटलेले असतात.

आता त्या ओळी काढा, ईमेलवर युनिक इंडेक्स टाका आणि तोच खेळ पुन्हा करा. पहिल्या खिडकीतलं इन्सर्ट होतं. दुसऱ्या खिडकीत एंटर दाबलं की काहीच होत नाही. यश नाही, एरर नाही, नुसता लुकलुकणारा कर्सर. डेटाबेस थांबलेला असतो, कारण पहिल्या खिडकीचं अजून ठरलेलं नाही. तिथे रोलबॅक झालं, म्हणजे बदल रद्द झाला, तर दुसऱ्याला जागा मिळेल, कमिट झालं तर नाही. पहिल्या खिडकीत कमिट टाइप करा. एंटर पडताक्षणी दुसऱ्या खिडकीत डुप्लिकेट कीची ओरड येते, एरर कोड २३५०५.

गेट-ऑर-क्रिएट नेमकं याच ओरडीची वाट पाहत असतं. त्याच्या आतला कोड जेमतेम दहा-पंधरा ओळींचा आहे, एकदा उघडून वाचाच. आधी गेट. नाही सापडलं तर एका अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये क्रिएट. तिथे इंटिग्रिटी-एरर (हीच ओरड, जँगोच्या रूपात) आला तर तो पकडून पुन्हा एकदा गेट, आणि सापडलेली ओळ "मी बनवलेली नाही" या निरोपासकट परत. म्हणजे दोन रिक्वेस्टच्या शर्यतीची सोय फ्रेमवर्कने केलेलीच आहे, पण ती सगळी डेटाबेसने एरर देण्यावर टांगलेली आहे. युनिक नसेल तर एरर येणार नाही, आणि तो पकडणारा कोड जन्मात चालणार नाही. जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते पान अनेकदा उघडलं होतं, पण वरचं उदाहरण कॉपी करून बंद केलं होतं.

त्या अ‍ॅटॉमिक ब्लॉकबद्दल थोडं, कारण स्वतःचं गेट-ऑर-क्रिएट हाताने लिहिणारे तिथेच अडकतात. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत एक क्वेरी फसली की आख्खं ट्रान्झॅक्शन बाद होतं. पुढची प्रत्येक क्वेरी, अगदी साधं सिलेक्टसुद्धा, रोलबॅक होईपर्यंत नाकारली जाते. तेव्हा नुसतं ट्राय-एक्सेप्ट लावून आत पुन्हा गेट केलं तर तेही फसतं, आणि वर दिसतो तो हा दुसरा एरर, मूळचा नाही. आतला अ‍ॅटॉमिक ब्लॉक सेव्हपॉइंट, म्हणजे मागे येण्याची खूण, टाकतो, त्यामुळे फक्त फसलेलं इन्सर्ट मागे जातं आणि बाकीचं ट्रान्झॅक्शन जिवंत राहतं.

दोन रिक्वेस्ट येतात कुठून

सगळे आधी डबल क्लिककडे बोट दाखवतात. आम्हीही दाखवलं आणि क्लिक होताच बटण बंद करायची स्क्रिप्ट टाकली. तिकिटं येतच राहिली. शेवटी अ‍ॅक्सेस लॉग वेळेनुसार लावला तेव्हा दिसलं की पान उघडताच आमचाच फ्रंटएंड दोन एपीआय एकदम मारत होता, आणि दोन्हींत सुरुवातीलाच तोच ग्राहक गेट-ऑर-क्रिएट होत होता. ते ३८ मिलिसेकंद तिथले. याखेरीज नेहमीचे उगम म्हणजे उत्तर वेळेत न मिळाल्याने पुन्हा येणारे वेबहुक (बाहेरच्या सेवेने आपणहून पाठवलेल्या रिक्वेस्ट), आणि एकच काम दोनदा उचलू शकणाऱ्या बॅकग्राउंड रांगा.

अ‍ॅटॉमिक-रिक्वेस्ट्स (प्रत्येक रिक्वेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळणारी सेटिंग) चालू असेल तर फट आणखी रुंद होते, कारण पहिल्या रिक्वेस्टची ओळ इतरांना दिसते ती संपूर्ण रिक्वेस्ट संपून कमिट झाल्यावर. मध्ये बाहेरच्या एखाद्या सेवेला कॉल असेल तर मिलिसेकंदांची फट सेकंदांची होते.

आणि हो, "फॉर्ममध्ये युनिकची तपासणी आहे की" हे उत्तर मीही दिलं होतं. ती तपासणीसुद्धा एक सिलेक्टच असते. वापरणाऱ्याला नीट शब्दांत निरोप देण्यापुरती ती ठीक आहे, पण शर्यत रोखायला तिचा काही उपयोग नाही.

साफसफाई, मग कुंपण

युनिक-कन्स्ट्रेंट (तीच युनिकची अट) टाकायला गेलं की मायग्रेशन (टेबलाची रचना बदलणारी फाइल) फसतं, कारण डुप्लिकेट आधीच आत आहेत. बरेच जण इथून माघारी फिरतात, "नंतर बघू" म्हणतात, आणि बग दर महिन्याला परत येत राहतो. मी तीन वेळा हेच केलं.

आधी ईमेलवर ग्रुप-बाय करून एकाहून जास्त ओळी असलेले गट काढा. प्रत्येक गटातली एक ओळ ठेवायची. मी सर्वांत लहान आयडीची ठेवते, कारण बाहेर पाठवलेल्या लिंक्स बहुधा तिच्याच असतात. उरलेल्या मात्र लगेच उडवू नका. दुसऱ्या तिकिटाच्या वेळी मी उडवलेल्या ओळीबरोबर त्या ग्राहकाच्या दोन ऑर्डर्सही गेल्या, कारण फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारी फील्ड) कॅस्केड होतं, म्हणजे ओळ गेली की तिला जोडलेलंही जातं. बॅकअपमधून त्या परत आणायला दुपार गेली. म्हणून आधी त्या ओळीकडे बोट दाखवणारी सगळी टेबलं शोधा, त्यांच्या फॉरेन की ठेवलेल्या ओळीकडे वळवा, आणि मगच जास्तीची ओळ काढा. हे सगळं गटागणिक एका ट्रान्झॅक्शनमध्ये. वळवताना आणखी एक अडथळा येऊ शकतो: जोडलेल्या टेबलात "एक ग्राहक, एक सदस्यत्व" असं युनिक असेल आणि दोन्ही डुप्लिकेटना सदस्यत्व असेल, तर वळवणंच फसेल. असे गट हाताने पाहावे लागतात, त्याला इलाज नाही.

टेबल लहान असेल तर साफसफाई आणि कन्स्ट्रेंट पाठोपाठच्या दोन मायग्रेशनमध्ये टाकून एकाच डिप्लॉयमध्ये पाठवा. मध्ये दिवस जाऊ दिला तर नव्या डुप्लिकेट येतील. टेबल मोठं आणि सतत लिहिलं जाणारं असेल तर पोस्टग्रेसमध्ये युनिक इंडेक्स कॉन्करंटली बनवा, म्हणजे तो बनेपर्यंत लिहिणं अडणार नाही. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून त्या मायग्रेशनला अ‍ॅटॉमिक फॉल्स द्यावं लागतं. बनवताना डुप्लिकेट सापडली तर काम फसतं आणि मागे एक अर्धवट, अवैध इंडेक्स राहतो. तो ड्रॉप करून पुन्हा सुरू करा. नाव तेच ठेवून नुसतं पुन्हा चालवलं तर "हा इंडेक्स आहेच" असं ऐकून घ्यावं लागतं.

आता उलटं दुखणं: इंटिग्रिटी-एरर

कन्स्ट्रेंट बसला, डुप्लिकेट थांबल्या, आणि दुसऱ्या दिवशी गेट-ऑर-क्रिएटच इंटिग्रिटी-एरर द्यायला लागलं. नावाप्रमाणे ते असं करायलाच नको. इथे घाबरून कन्स्ट्रेंट काढून टाकणारे मी पाहिले आहेत. काढू नका. आधी एवढंच बघा की एरर अधूनमधून, कोणासाठीही येतो की ठरावीक रेकॉर्डसाठी प्रत्येक वेळी येतो. प्रत्येक वेळी येत असेल तर ती शर्यत नव्हे. त्याचा अर्थ असा की गेटला ती ओळ दिसत नाही, पण कन्स्ट्रेंटला दिसते.

सर्वांत जास्त वेळा आढळणारं कारण म्हणजे शोधायच्या आणि भरायच्या फील्डची सरमिसळ. आमच्या कोडमध्ये ईमेल, नाव आणि फोन तिन्ही थेट आर्ग्युमेंट म्हणून दिले होते. म्हणजे गेट तिन्ही जुळणारी ओळ शोधणार. ग्राहकाने नावात एक अक्षर बदललं की गेटला काही सापडत नाही, क्रिएट करायला जावं तर ईमेल आधीच आहे, दुसऱ्यांदा गेट केलं तरी तेच, आणि शेवटी एरर. कन्स्ट्रेंट नव्हता तेव्हा हाच कोड गुपचूप नवी ओळ बनवत होता. आमच्या डुप्लिकेटपैकी बऱ्याच शर्यतीच्या नव्हत्याच, या चुकीच्या होत्या. मोठा वेळफरक असलेल्या जोड्या पाहून ते आधीच कळायला हवं होतं.

तेव्हा नियम एकच ठेवला आहे: ज्या फील्डवर युनिक आहे तेवढ्याच बाहेर, बाकी सगळं डिफॉल्ट्समध्ये, म्हणजे शोधात न वापरता फक्त नवी ओळ बनवताना भरायच्या यादीत. कोड रिव्ह्यूमध्ये मी आता गेट-ऑर-क्रिएट दिसलं की मॉडेल उघडते आणि बाहेरच्या आर्ग्युमेंटइतक्याच फील्डचा कन्स्ट्रेंट तिथे आहे का ते बघते. नसेल तर दोन्हींपैकी काहीतरी चुकलेलं असतं. "आत्ताची वेळ" बाहेर दिलेली दिसली तर प्रश्नच मिटला, कारण मायक्रोसेकंदासकट ती वेळ पुन्हा कधीच जुळणार नाही.

दुसरं कारण शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मॉडेलवर सॉफ्ट डिलीट होतं (ओळ न काढता नुसती डिलीटची खूण) आणि नेहमीचा मॅनेजर (मॉडेलच्या क्वेरी जिथून जातात तो) डिलीट झालेल्या ओळी गाळत होता. गेट त्याच मॅनेजरवरून जातं, त्यामुळे त्याला ओळ दिसत नाही; डेटाबेसला मॅनेजर वगैरे काही माहीत नसतं, त्याला दिसते. खातं बंद करून परत आलेला प्रत्येक ग्राहक यात अडकत होता. इथे आधी ठरवावं लागतं की परत आलेल्याची जुनी ओळ जिवंत करायची की नवी बनवायची. जिवंत करायची असेल तर काहीही न गाळणाऱ्या मॅनेजरवरून गेट-ऑर-क्रिएट करा. नवी हवी असेल तर कन्स्ट्रेंटला अट लावा की तो डिलीट न झालेल्या ओळींपुरताच असेल. जँगो २.२ पासून युनिक-कन्स्ट्रेंटला अशी अट देता येते. मायएसक्यूएलवर मात्र असे अट घातलेले इंडेक्स नाहीत, तिथे हा मार्ग बंद. याचाच भाऊबंद म्हणजे मेनी-टू-मेनी नात्यावरून (उदाहरणार्थ लेख आणि त्याचे टॅग) केलेलं गेट-ऑर-क्रिएट: ते फक्त त्या नात्यात जोडलेल्या ओळींत शोधतं, आणि टॅग टेबलात असूनही या लेखाला जोडलेला नसेल तर नवा बनवायला जाऊन आपटतं.

तिसरं म्हणजे दिसायला सारखं पण असायला वेगळं. पोस्टग्रेसला ईमेलमधलं लहान आणि मोठं अक्षर वेगळं, मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनला (अक्षरं जुळवण्याच्या नियमाला) सारखं. म्हणून एका डेटाबेसवर नीट चालणारा कोड दुसरीकडे गोंधळ घालतो. साधा उपाय म्हणजे सेव्ह करण्याआधीच ईमेल ट्रिम करून लहान अक्षरांत आणणं. जुना डेटा बदलता येत नसेल तर आय-एक्झॅक्टने (लहान-मोठं अक्षर न पाहता) शोधा, पण मग खरा ईमेल डिफॉल्ट्समध्येही द्या, कारण दोन अंडरस्कोअर असलेली आर्ग्युमेंट क्रिएट करताना गाळली जातात आणि ईमेल रिकामा जातो. जँगो ४.० पासून एक्स्प्रेशनवर युनिक-कन्स्ट्रेंट टाकता येतो. बहुतेक उदाहरणांत तो लोअरवर (लहान अक्षरांतल्या रूपावर) असतो, पण पोस्टग्रेसवर जँगोचं आय-एक्झॅक्ट दोन्ही बाजूंना अपर (मोठी अक्षरं) लावतं. कन्स्ट्रेंट लोअरवर असेल तर राखण होईल, पण शोधाला त्या इंडेक्सचा उपयोग होणार नाही. मी अपरवर टाकते.

मराठी मजकूर साठवणाऱ्यांना याची आणखी एक तऱ्हा माहीत हवी, आणि तो "तऱ्हा" शब्दच उदाहरण म्हणून पुरेल. ऱ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा एक कोड आहे, आणि र पुढे नुक्ता देऊनही तेच अक्षर बनतं. पडद्यावर फरक शून्य, बाइट्स वेगळे, त्यामुळे "दुसऱ्या" नावाचे दोन टॅग सुखाने नांदतात. सेव्ह करण्याआधी एनएफसी नॉर्मलायझेशन (अक्षरांची रूपं एकसारखी करणं) केलं की हे दोन एक होतात. काही कीबोर्ड मात्र र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडक असं लिहितात. दिसायला तेच, पण ते रूप एनएफसी बदलत नाही. तिथे जोडक बदलणारी एक ओळ स्वतःलाच लिहावी लागते.

नलचं (रिकाम्या किमतीचं) थोडक्यात: कन्स्ट्रेंटमधली एखादी फील्ड नल असू शकत असेल तर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट तिन्हींत दोन नल वेगळे धरले जातात, म्हणजे कन्स्ट्रेंट असूनही नलवाल्या ओळी कितीही येतात. पोस्टग्रेस १५ पासून "नल वेगळे धरू नका" असं सांगता येतं, आणि जँगो ५.० मध्ये युनिक-कन्स्ट्रेंटला त्यासाठी पर्याय आला.

मायएसक्यूएलवर रिपीटेबल-रीड आयसोलेशन (इतरांचे बदल ट्रान्झॅक्शनला केव्हा दिसतात याची पातळी) असेल तर आणखी एक विचित्र चित्र दिसतं: इन्सर्ट म्हणतं ओळ आहे, पाठोपाठचं गेट म्हणतं नाही. गेट ट्रान्झॅक्शनच्या पहिल्या वाचनाच्या वेळचं चित्र पाहत असतं. जँगो २.० पासून मायएसक्यूएलसाठी रीड-कमिटेड हेच मूळ आयसोलेशन आहे, पण जुन्या प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये कोणी ते बदलून ठेवलं आहे का, ते बघा.

रेल्स आणि लाराव्हेल

रेल्समध्ये फाइंड-ऑर-क्रिएट-बाय बरीच वर्षं नुसतं सिलेक्ट आणि मग इन्सर्ट असंच होतं. युनिक इंडेक्सचा एरर आला तर तो तुमच्यावरच आदळायचा. ७.१ पासून ते एररनंतर पुन्हा शोधतं. ६.० मध्ये आलेलं क्रिएट-ऑर-फाइंड-बाय उलट चालतं: आधी इन्सर्ट, आपटलं तर शोध. बहुतेक वेळा रेकॉर्ड नवाच असेल तर ते छान. बहुतेक वेळा जुनाच असेल तर प्रत्येक कॉलला एक फुकटचं फसलेलं इन्सर्ट. आणि उद्गारचिन्ह नसलेलं रूप वापरत असाल तर व्हॅलिडेशन फसल्यावर ते एरर न देता सेव्ह न झालेला ऑब्जेक्ट हातात देतं. आयडी नल का, म्हणून तास घालवण्याआधी हे तपासा. लाराव्हेलच्या फर्स्ट-ऑर-क्रिएटमध्येही आवृत्ती १० च्या काळात एरर पकडून पुन्हा शोधण्याची सोय आली. पण युनिक इंडेक्स नसेल तर यातल्या कशालाच काही पकडायला मिळत नाही.

टेस्टमध्ये शर्यत लावायची युक्ती

दुरुस्ती झाली हे सिद्ध कसं करायचं? दोन थ्रेड सोडून बघितलं तर दहातून एकदा टक्कर होते, आणि अशा टेस्टवर कोणाचाच विश्वास बसत नाही. स्लीप घालायला फ्रेमवर्कचा कोड बदलावा लागतो. पण डिफॉल्ट्समध्ये किमतीऐवजी फंक्शन देता येतं, आणि जँगो ते गेट फसल्यानंतर पण इन्सर्टच्या आधी चालवतं. नेमकी आपली फट! त्या फंक्शनमध्ये दोघंही येईपर्यंत अडवून धरणारं बॅरिअर ठेवा. पहिला थ्रेड गेट करून बॅरिअरपाशी थांबतो, दुसराही गेट करून तिथे येतो, आणि मग दोघं एकदम इन्सर्टला सुटतात. प्रत्येक वेळी टक्कर, हमखास. शेवटी तपासा: ओळ एकच, दोन्ही थ्रेडना मिळालेला आयडी तोच, आणि "मी बनवली" म्हणणारा एकच. कन्स्ट्रेंट काढून हीच टेस्ट चालवा, ती पडलीच पाहिजे.

ही टेस्ट ट्रान्झॅक्शन-टेस्ट-केसमध्ये लिहा. साध्या टेस्ट-केसमध्ये आख्खी टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलेली असते आणि थ्रेडची कनेक्शन वेगळी असतात, त्यामुळे सेटअपमधला डेटा त्यांना दिसतच नाही. प्रत्येक थ्रेडच्या शेवटी कनेक्शन बंद करा, नाहीतर टेस्टचा डेटाबेस पुसताना "कोणीतरी अजून वापरतंय" म्हणून अडतो. आणि चालवा पोस्टग्रेसवरच. एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देतो, तिथे टक्करच वेगळी दिसते.

हे सगळं लावून झाल्यावर महिन्याभराने तोच सहकारी विचारायला आला, ग्राहकांचे आयडी मधूनच एखादा गाळून पुढे का जातात, कोणी ओळी उडवतंय का? कोणी उडवत नव्हतं. पोस्टग्रेसमध्ये इन्सर्ट फसलं तरी सीक्वेन्समधून (आयडी देणाऱ्या मोजणीतून) घेतलेला आकडा परत जात नाही. गाळलेला प्रत्येक आयडी म्हणजे अडवलेली एक डुप्लिकेट असू शकते. मोजले तर त्या महिन्यात असे अकरा होते.